मोठ्या आकाराची डिजिटल छपाई : यंत्र, साहित्य आणि लिपी
(पांढुर्णा व सौंसर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना

ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके वेगळे काढून मध्य प्रदेशात पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. जिल्हा बदलला की फलकही बदलावे लागतात. शाळा, दवाखाना, सोसायटी, दुकान, जिथे जिथे 'जिल्हा छिंदवाडा' असे लिहिलेले होते तिथे 'जिल्हा पांढुर्णा' लिहिणे क्रमप्राप्त झाले. पूर्वी असे काम गावातील पेंटरकडे जात असे. रंगाचा डबा, दोन-तीन ब्रश, खडूने मारलेल्या रेषा आणि हातातील वळण एवढ्या भांडवलावर तो फलक रंगवीत असे. आज हे काम बहुतांशी फ्लेक्स छापणाऱ्या मोठ्या यंत्राकडे जाते.

या परिसरात अशा छपाईची मागणी हंगामी असली तरी कायमची आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार, गणेशोत्सव, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, ईद-ए-मिलाद, जामसावळीच्या हनुमान मंदिराकडे जाणारी वर्दळ, लग्नसराई, संत्र्याचा बहार आणि निवडणुका या सर्व प्रसंगी बॅनर लागतात. साहजिकच या व्यवसायात शिरू पाहणारे तरुण थोडे नाहीत. यंत्राचे बटण दाबायला ते चार दिवसांत शिकतात. परंतु तेवढ्या शिक्षणावर मदतनिसाची मजुरी मिळते, कारागिराचा मेहनताना मिळत नाही.

या व्यवसायातील खरे कौशल्य बटण दाबण्याच्या आधीचे आहे, आणि ते सामुदायिक महाविद्यालयाच्या वर्गात, पुष्कळसे यंत्राशिवायही, शिकविता येते. प्रस्तुत लेखात हेच स्पष्ट करण्याचा प्रयत्न आहे. यंत्र कसे चालते, साहित्य कसे ओळखावे, माप आणि स्पष्टता यांचे गणित काय, मराठी-हिंदी-उर्दू मजकूर हाताळताना काय सांभाळावे आणि कायदा व आरोग्य यांबाबत ऑपरेटरला काय ठाऊक असावे, या क्रमाने विषयाची मांडणी केली आहे.

यंत्राची रचना

मोठ्या आकाराचा छापखाना म्हणजे मूलतः घरातील इंकजेट प्रिंटरचाच मोठा भाऊ होय. फरक रुंदीचा, शाईचा आणि वेगाचा आहे. बाजारात सर्वाधिक चालणाऱ्या फ्लेक्स यंत्राची छपाईची रुंदी ३.२ मीटर, म्हणजे सुमारे साडेदहा फूट असते. रोल मागच्या बाजूने चढतो, रबरी रुळांच्या पकडीतून पुढे सरकतो आणि त्यावरून एक गाडा डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे धावतो. या गाड्यात हेड बसविलेले असतात आणि हेडच्या तळाशी शाई सोडणारी बारीक छिद्रे, म्हणजे नोझल, असतात.

शाईचा थेंब बाहेर काढण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत शाईला क्षणभर उष्णता देतात, बुडबुडा तयार होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. दुसऱ्या पद्धतीत वीज दिली की आकार बदलणारा स्फटिक शाईच्या कोठडीला दाबतो आणि थेंब उडतो. या दुसऱ्या पद्धतीला पिएझो म्हणतात. फ्लेक्सच्या यंत्रात पिएझो हेड असतात, कारण त्यांत शाई तापवावी लागत नाही आणि सॉल्व्हंट शाई तापविणे हिताचे नसते.

कोनिका कंपनीचे ५१२ या नावाने ओळखले जाणारे हेड अशा यंत्रांत सर्रास आढळते. नावाप्रमाणेच त्यात ५१२ नोझल असतात. ही नोझल सुमारे ३६ मिलिमीटर रुंदीत बसविलेली आहेत, म्हणजे इंचाला ३६० या प्रमाणात. विद्यार्थ्यांकडून हे गणित करून घ्यावे : ३६ मिलिमीटर म्हणजे सुमारे १.४२ इंच आणि १.४२ गुणिले ३६० म्हणजे सुमारे ५११. या हेडच्या मोठ्या थेंबाच्या प्रकारात एका थेंबाचे आकारमान ४२ पिकोलिटर असते. एका मिलिलिटर शाईत असे सुमारे दोन कोटी अडतीस लाख थेंब मावतात. इतक्या बारीक छिद्रात धुळीचा कण किंवा वाळलेली शाई अडकली तर काय होईल, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

पास, पट्टे आणि पाऊल

गाडा एकदा आडवा गेला की त्याला एक पास म्हणतात. एकाच जागेवर दोन, तीन किंवा चार वेळा थोडीथोडी शाई टाकून चित्र पूर्ण केले जाते. प्रत्येक रंगाला एकच हेड आहे असे धरले, तर ३६ मिलिमीटरचा पट्टा दोन पासमध्ये पूर्ण करण्यासाठी रोल प्रत्येक वेळी १८ मिलिमीटर पुढे सरकला पाहिजे. चार पास असतील तर ९ मिलिमीटर. पास वाढले की वेग घटतो, परंतु एखादे नोझल बंद असले तरी शेजारचे नोझल पुढच्या पासात ती जागा भरून काढते, म्हणून चित्र सुधारते.

रोलचे हे पाऊल किंचित जरी चुकले तरी ते डोळ्यांना दिसते. पाऊल कमी पडले तर दोन पट्टे एकमेकांवर चढतात आणि गडद रेघ उमटते. पाऊल जास्त पडले तर मध्ये पांढरी रेघ राहते. नवशिका ऑपरेटर रेघ दिसली की लगेच हेड साफ करू लागतो आणि शाई वाया घालवतो. रेघ नियमित अंतराने, संपूर्ण रुंदीभर आणि सर्व रंगांत असेल तर दोष बहुधा पावलाचा आहे. ती एकाच रंगात असेल तर दोष त्या रंगाच्या नोझलचा आहे. दिवसाच्या सुरुवातीला नोझल तपासणीचा नमुना छापून तो वाचण्याची सवय लावली तर हा भेद आठवडाभरात अंगवळणी पडतो.

हेडची निगा राखण्याचे नियम थोडे आहेत, पण ते मोडता येत नाहीत. नोझलच्या पृष्ठभागाला खरखरीत कापड लावू नये. त्या शाईसाठी दिलेलाच धुण्याचा द्रव वापरावा. एका जातीच्या शाईत दुसऱ्या जातीची शाई ओतू नये. काम संपल्यावर हेड उघडे ठेवू नये. उन्हाळ्यात या भागातील हवा तापलेली आणि कोरडी असते. तिच्यामुळे नोझल लवकर सुकतात आणि फ्लेक्सवर स्थिर वीज साचून शाईचे बारीक तुषार अक्षरांच्या कडेला उडतात. पावसाळ्यात उलट शाई वाळायला वेळ लागतो आणि रोल गुंडाळला की चित्र चिकटते. म्हणून यंत्राची खोली बंद, धूळरहित असावी, अर्थिंग नीट असावे आणि वीज गेल्यावर हेड झाकण्याइतका वेळ देणारी बॅटरीची सोय असावी.

शाई आणि साहित्य

शाईच्या चार जाती विद्यार्थ्याला ओळखता आल्या पाहिजेत. सॉल्व्हंट शाई पीव्हीसीचा पृष्ठभाग किंचित मऊ करून त्यात मुरते, म्हणून ती उन्हापावसात टिकते. इको-सॉल्व्हंट शाईत सौम्य द्रावक असते. ती विनाइल व दुकानातील आतल्या फलकांसाठी वापरतात. यूव्ही शाई अतिनील प्रकाशाने तत्काळ कडक होते, त्यामुळे ती लाकूड, काच, अॅक्रिलिक यांवरही छापता येते. लेटेक्स शाई पाण्यावर आधारलेली असते व उष्णतेने पक्की होते. एचपी कंपनीने ती २००८ मध्ये मोठ्या आकाराच्या छपाईसाठी बाजारात आणली.

फ्लेक्स हे एकजिनसी प्लास्टिक नव्हे. पॉलिएस्टर धाग्यांच्या जाळीच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर देऊन ते तयार होते. हातात धरून प्रकाशाकडे पाहिले तर जाळी दिसते. ज्याच्या मागे दिवे लावायचे नाहीत ते फ्रंटलिट आणि ज्यातून प्रकाश पार व्हायचा ते बॅकलिट. बॅकलिटवर शाई अधिक टाकावी लागते, नाहीतर रात्री दिवे लागल्यावर रंग फिके पडतात. फ्लेक्सचे वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचे वजन किती ग्रॅम. जाडी मात्र मायक्रॉनमध्ये मोजतात. या दोन मापांची गल्लत करू नये, कारण कायदा जाडी पाहतो आणि व्यापारी वजन सांगतो.

स्पष्टतेचे गणित

'फोटो ३०० डीपीआयचाच हवा' हे वाक्य या व्यवसायात वारंवार ऐकू येते. ते कुठे खरे आणि कुठे निरर्थक हे समजण्यासाठी डोळ्याची क्षमता माहीत हवी. सामान्य दृष्टीच्या माणसाला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखता येतो. त्यावरून एक सोपे सूत्र निघते : ३४३८ या संख्येला पाहण्याच्या अंतराने (इंचांत) भागावे. उत्तर येईल तेवढे ठिपके एका इंचात पुरेसे होत.

पुस्तक आपण सुमारे ३० सेंटिमीटरवरून वाचतो. तिथे उत्तर २९० च्या आसपास येते, आणि ३०० डीपीआयचा नियम येथूनच आलेला दिसतो. एक मीटरवरून पाहायच्या फलकाला ८७ पुरतात. पाच मीटरवरून १७ ते १८, आणि दहा मीटरवरून नऊच्या आत. रस्त्याच्या पलीकडून पाहायच्या बॅनरसाठी ३०० डीपीआयचा हट्ट धरणे म्हणजे संगणकाला व्यर्थ ओझे वाहायला लावणे होय. १० बाय २० फुटांच्या बॅनरची फाइल ७२ डीपीआयला सुमारे पंधरा कोटी पिक्सेलची आणि चार रंगांत सुमारे ६०० मेगाबाइटची होते. तीच ३०० डीपीआयला दहा गिगाबाइटच्या पुढे जाते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. ग्राहक व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवतो, तेव्हा त्याची लांब बाजू बऱ्याचदा १६०० पिक्सेलच्या आसपास उरलेली असते. तो फोटो दहा फूट लांबीत ताणला तर इंचाला जेमतेम १३ पिक्सेल येतात. सूत्रानुसार तो साडेसहा मीटरवरून बरा दिसेल. चौकातील होर्डिंगवर तो चालून जाईल, पण लग्नमंडपाच्या दारातील स्वागताच्या बॅनरवर वधूवरांचे चेहरे फुटलेले दिसतील. ग्राहकाला हे छपाईनंतर नव्हे, छपाईपूर्वी सांगणे हे ऑपरेटरचे काम आहे.

रंगाबाबतही असेच. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा, छापील रंग शाईचा. लाल-हिरवा-निळा या प्रकाशाच्या रंगांतून निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या चार शाईंत रूपांतर होताना काही झळाळते रंग मंद होतात. त्यांत नारिंगी हा प्रमुख आहे. ज्या भागाची ओळखच संत्रा आहे, तिथे व्यापाऱ्याच्या बॅनरवरचा संत्रा पडद्यावर रसरशीत आणि फ्लेक्सवर मलूल दिसतो, याचे कारण हे आहे. म्हणून रंगरूपांतर आधीच करून ग्राहकाला तेच रूप दाखवावे, आणि महत्त्वाच्या रंगाचा हातभर नमुना छापून घ्यावा.

मापाची काटकसर

फ्लेक्सचा धंदा चौरस फुटावर चालतो आणि नफा कात्रणांत जातो. समजा, ६ बाय ४ फुटांचे पाच बॅनर १० फुटी रोलवर छापायचे आहेत. सहा फुटांची बाजू आडवी ठेवून एकामागून एक छापले तर २० फूट लांबी, म्हणजे २०० चौरस फूट माल लागतो. चार फुटांची बाजू आडवी ठेवून दोन-दोन छापले तर तीन ओळींना १८ फूट लांबी, म्हणजे १८० चौरस फूट लागतात. परंतु एका बाजूला सहा फुटांच्या रुंदीत तीन आडवे बॅनर आणि शेजारी चार फुटांच्या रुंदीत दोन उभे बॅनर मांडले, तर दोन्ही स्तंभांची लांबी नेमकी १२ फूट येते. १२० चौरस फुटांत पाचही बॅनर बसतात आणि कात्रण उरत नाही. प्रत्यक्षात यंत्र दोन्ही कडांना थोडी जागा सोडते, त्यामुळे मापे किंचित कमी धरावी लागतात किंवा रोल किंचित रुंद घ्यावा लागतो. पण तत्त्व हेच.

हे उदाहरण चौकटीच्या कागदावर दहा मिनिटांत करून घेता येते. दुकानमालकाच्या दृष्टीने ऐंशी चौरस फूट वाचविणारा मुलगा आणि न वाचविणारा मुलगा यांत जो फरक आहे, तोच पगारातील फरक आहे.

अक्षर आणि लिपी

या परिसरातील छपाईची खरी कसोटी भाषेत आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपूर्वी हा भाग आणि विदर्भ एकाच मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. पुनर्रचनेनंतर विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे येथे सरकारी कामकाज हिंदीत, घरातील व बाजारातील बोलणे मोठ्या प्रमाणावर मराठीत आणि मुस्लिम वस्तीत उर्दूचा वापर, अशी स्थिती आहे. गावांची नावेसुद्धा दोन प्रकारे लिहिलेली आढळतात : पांढुर्णा आणि पांढुर्ना, सौंसर आणि सौसर. यंत्र यांतील काहीही तितक्याच निष्ठेने छापते. चूक हस्तलिखितात असेल तर ती एका बोटाएवढी असते, फ्लेक्सवर ती हातभर होते.

हिंदी आणि मराठी यांची लिपी एक असल्यामुळे धोका अधिक. 'शिक्षा' हा शब्द हिंदीत शिक्षणाचा, मराठीत दंडाचा. 'चेष्टा' हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा. हिंदी फलकाचा मजकूर उचलून मराठी बॅनरवर टाकणाऱ्याला हे ठाऊक हवे. 'ळ' हे मराठीचे हक्काचे अक्षर आहे. केळी, शाळा, जामसावळी या शब्दांत 'ल' घातला तर वाचक अडखळतो. 'वऱ्हाड', 'तऱ्हा' यांतील अर्धा 'र' वेगळा लिहावा लागतो. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे हिंदी वळणांहून निराळी आहेत. महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमालेची प्रमाण रूपे ठरवून दिली आहेत. सीमेपलीकडील सावनेर, काटोल, वरूड या बाजूचे काम घेणाऱ्याने ती पाहून ठेवावीत.

संगणकावर या अडचणी आणखी वाढतात. कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांत दिसतो. युनिकोड मजकूर काही जुन्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये टाकला तर जोडाक्षरे तुटतात आणि वेलांट्या जागा सोडतात. उर्दूबाबत तर ही अडचण दुहेरी आहे. उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी न समजणारे सॉफ्टवेअर अक्षरे सुटी करते व क्रम उलटवते. १९८१ मध्ये नूरी नस्तालीक आले आणि १९९४ मध्ये भारतात तयार झालेले इनपेज आले, तेव्हापासून उर्दूची जुळणी सुकर झाली. तरी इनपेजमधील मजकूर डिझाइनमध्ये आणताना तो चित्ररूपात आणणेच सुरक्षित.

म्हणून एक नियम कायम पाळावा : मजकूर तपासून झाल्यावर अक्षरांचे रेषाचित्रात रूपांतर करावे आणि मगच फाइल छपाईला द्यावी. रूपांतर झाल्यावर फाँटची अडचण उरत नाही, परंतु शुद्धलेखन सुधारण्याची सोयही उरत नाही. यास्तव ग्राहकाची सही त्याआधी घ्यावी, आणि भाषा जाणणाऱ्या दुसऱ्या माणसाने मजकूर मोठ्याने वाचावा.

उर्दूत नुक्त्याचे महत्त्व विशेष आहे. 'खुदा' आणि 'जुदा' हे शब्द लिहिताना केवळ एका नुक्त्याची जागा बदलते. विनाइल कापून अक्षरे चिकटविताना हे बारीक नुक्ते सोलण्याच्या वेळी नको असलेल्या भागाबरोबर निघून जातात. ऑपरेटरला उर्दू वाचता येत नसेल तर त्याच्या ते लक्षातही येत नाही. कडेपासून दोन-तीन इंच मोकळी जागा सोडली नाही तर आयलेट ठोकताना किंवा फ्रेमवर ताणताना मात्रा, उकार आणि नुक्ते यांचाच पहिला बळी जातो. अक्षरांच्या उंचीसाठी साधारण दर दहा फूट अंतराला एक इंच हा ठोकताळा धरतात. देवनागरीत मात्रा-उकार आणि नस्तालीकमध्ये वरून खाली उतरणारी वळणे जागा घेतात, म्हणून या लिपींसाठी ओळीची उंची अधिक धरावी.

फलकावरील लिपी हा केवळ सौंदर्याचा प्रश्न नाही. अकोला जिल्ह्यातील पातूर नगरपरिषदेच्या फलकावर मराठीबरोबर उर्दू असण्याला आव्हान देण्यात आले होते. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फलक कायम ठेवला आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे स्पष्ट केले. तीन भाषांत शुद्ध फलक करून देणारा कारागीर या परिसरात लोकांच्या रोजच्या गरजेची सेवा करतो, हे विद्यार्थ्यांना या उदाहरणावरून सांगता येईल.

कायदा, आरोग्य आणि जबाबदारी

निवडणुकीचे काम हे या धंद्यातील सुगीचे काम. लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५१ मधील कलम १२७-क नुसार निवडणुकीच्या पत्रकावर व भित्तिपत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावे व पत्ते असलेच पाहिजेत. प्रकाशकाकडून त्याच्या ओळखीचे, दोन परिचित व्यक्तींनी साक्षांकित केलेले घोषणापत्र दोन प्रतींत घ्यावे लागते. त्याची एक प्रत छापील मजकुरासह, छपाई जिथे झाली त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावी लागते. छपाई राज्याच्या राजधानीत झाली असेल तर ती मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे जाते. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. हाताने केलेली नक्कल वगळता प्रती काढण्याची कोणतीही रीत या कलमात छपाईच ठरते, त्यामुळे 'आमचा छापखाना नाही, फ्लेक्सचे दुकान आहे' ही सबब चालत नाही.

१ जुलै २०२२ पासून देशभर १०० मायक्रॉनपेक्षा कमी जाडीच्या प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरवर बंदी आहे. केरळ राज्याने तर २०१९ मध्येच पीव्हीसी फ्लेक्सला मनाई केली. फ्लेक्समध्ये पॉलिएस्टर आणि पीव्हीसी एकमेकांना चिकटलेले असल्याने त्याचा पुनर्वापर कठीण जातो, आणि ते जाळले तर हायड्रोजन क्लोराइडसारखे घातक वायू निघतात. जुने बॅनर शेतमाल झाकण्यासाठी वापरले जातात, ते जाळण्यापेक्षा केव्हाही बरे. कापडावरील छपाईकडे वळण्याची तयारी आजच ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

सॉल्व्हंट शाईची वाफ ऑपरेटर दिवसभर श्वासावाटे घेतो. डोके जड होणे, डोळे चुरचुरणे यांची त्याला सवय होते आणि सवय झाली की तो त्यांना त्रास समजत नाही. वाफ बाहेर फेकणारा पंखा, नायट्रिलचे हातमोजे, द्रावकाला योग्य असा मुखवटा, यंत्राजवळ विडी-सिगारेट व ठिणगी यांना मज्जाव, आणि टाकाऊ शाई नाल्यात न ओतणे या गोष्टी पहिल्याच तासाला शिकवाव्यात.

बॅनर लावणे हाही कामाचा भाग आहे. १० बाय २० फुटांचा बॅनर म्हणजे सुमारे साडेअठरा चौरस मीटर क्षेत्र. ताशी ७२ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात त्यावर ढोबळमानाने साडेचारशे किलो वजनाइतका जोर येतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळात महाकाय होर्डिंग कोसळून १७ जणांचा बळी गेला. त्या होर्डिंगची उंची व रुंदी परवानगीच्या मर्यादेहून कितीतरी जास्त होती. लहान गावात बांबूवर दोरीने बांधलेला बॅनर असो की लोखंडी सांगाडा, वाऱ्याचे गणित तेच असते.

वर्गात काय करता येईल

यंत्र महाग आहे आणि प्रत्येक महाविद्यालयाला ते घेता येणार नाही. परंतु वर सांगितलेल्यापैकी बरेचसे यंत्राविना शिकविता येते.

१) कागदावर एक मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेषा एक मिलिमीटर अंतर सोडून आखाव्यात आणि व्हरांड्यात मागे मागे जाण्यास सांगावे. साडेतीन मीटरच्या आसपास रेषा मिसळून राखाडी दिसू लागतात. स्पष्टतेचे सूत्र विद्यार्थी पुन्हा विसरत नाहीत.

२) चौकटीच्या कागदावर निरनिराळ्या मापांच्या मागण्या बसवून कमीत कमी माल कोण वापरतो ते पाहावे.

३) बाजारातील लागलेल्या फलकांतील अशुद्धे टिपून आणावयास सांगावे. दुकानाचे नाव लिहू नये, फक्त चूक आणि शुद्ध रूप लिहावे. भाषेचा आणि व्यवसायाचा तास येथे एक होतो.

४) जवळच्या दुकानातून नोझल तपासणीचे चांगले आणि बिघडलेले नमुने मागून आणावेत व दोष ओळखण्याचा सराव द्यावा.

५) गावातील जुन्या पेंटरला वर्गात बोलवावे. अक्षरांची वळणे, दोन अक्षरांतील अंतर, लांबून काय वाचले जाते आणि काय नाही, हे तो ब्रश हातात धरून दाखवू शकतो. यंत्राने त्याचे काम हिरावले असेल, त्याचे ज्ञान मात्र यंत्रात आलेले नाही.

यानंतर विद्यार्थ्याला दुकानात प्रत्यक्ष यंत्रावर पाठवावे. तेव्हा तो बटण दाबायला शिकेलच, शिवाय केव्हा दाबू नये हेही त्याला कळलेले असेल.

समारोप

मोठ्या आकाराच्या छपाईत यंत्र सर्वांजवळ सारखेच असते. नागपूरच्या दुकानातील यंत्र आणि पांढुर्ण्यातील यंत्र एकाच जातीचे असू शकते. फरक पडतो तो माणसामुळे. माल वाचविणारा, दोषाचे कारण ओळखणारा, तीन भाषांत शुद्ध लिहिणारा, कायदा पाळणारा आणि स्वतःचे फुप्फुस सांभाळणारा ऑपरेटर लहान गावातही टिकतो आणि पुढे स्वतःचे दुकान घालतो. असा माणूस घडविण्यासाठी लागणारे गणित, विज्ञान आणि भाषा हे तिन्ही विषय महाविद्यालयात आधीपासून शिकविले जातातच. ते एका धंद्याभोवती एकत्र आणणे एवढेच शिक्षकांच्या हाती उरलेले काम आहे.